तिथे साडेतीनला उठायचं असतं

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय एकसष्ट. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेच्या पहिल्या आठवड्यात अरुणाचलातल्या ईगलनेस्टला पक्षी बघायला दहा जणांचा गट चाललाय. ह्यांना पाखरांत रस नाही आणि मुलगी म्हणते, ‘आई, या वयात डोंगर?’ मला झेपेल का?

उत्तर : मुलीला सांगा, डोंगर चढायचा नाहीये, डोंगरातल्या रस्त्यावरून रमत जायचंय. ईगलनेस्टमधलं जवळजवळ सगळं पक्षीदर्शन एकाच कच्च्या रस्त्यावर होतं. लष्करासाठी काढलेला जुना रस्ता आहे तो. नावात घरटं असलं तरी गरुडाच्या घरट्याशी त्याचा संबंध नाही. पन्नासच्या दशकात तिथे लष्कराची ‘रेड ईगल’ डिव्हिजन होती, तिच्यावरून हे नाव पडलं. खिंड साधारण २८०० मीटरवर, लामा कॅम्प २३५० च्या आसपास, आणि पलीकडे उतरलं की १९४० मीटरवर बोम्पू, हा दुसरा कॅम्प. तुम्ही उतारावर चालत राहता, जीप मागून येते. तासाला एक किलोमीटर झालं तर फार झालं, कारण दर वीस पावलांवर कुणीतरी ‘थांबा, थांबा’ म्हणतं. माझे दोन्ही गुडघे बँकेच्या काउंटरवर उभं राहून राहून गेलेत, तरी मी दोनदा जाऊन आले.

त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. पहिली गोष्ट घड्याळ. आपलं घड्याळ तिथे खोटं बोलतं. मे महिन्यात साडेचारच्या सुमाराला सूर्य उगवतो, म्हणजे उठायचं साडेतीनला. संध्याकाळी सहा-सव्वासहाला काळोख पडतो आणि आठ वाजता सगळे झोपलेले असतात. पहिल्या दिवशी पाच वाजता टक्क उजेड बघून मला वाटलं, मेले, उशीर झाला! दुसरी गोष्ट ओल. मे म्हणजे वळवाच्या सरी नव्हेत, रीतसर पाऊस. तंबूतले कपडे आठ दिवस वाळत नाहीत. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते : कॅम्पवर संडास तंबूपासून लांब असतो आणि तिकडे जायची वाट रात्री निसरडी होते. नव्या गुडघ्याला धोका आहे तो तिथे. डोक्याला बांधायची बॅटरी, चांगल्या पकडीचे बूट आणि एक काठी घ्या. पैसे भरण्याआधी गटप्रमुखाला स्पष्ट विचारा, की मला मध्येच गाडीत बसावंसं वाटलं तर गाडी जवळ असेल का? तो ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणाला तर दुसरा गट शोधा. आणि इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, काढलंय का, तेही आत्ताच विचारून घ्या. अरुणाचलच्या हद्दीवरच्या भालुकपाँगच्या नाक्यावर कळून उपयोग नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, हातात ६०० मिलिमीटरची लेन्स आहे. मला बुगुन लायोसिकलाचा फोटो हवाय. गटाच्या सूचनांमध्ये ‘ब्लूटूथ स्पीकर आणू नये’ असं लिहिलंय. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावल्याशिवाय तो पक्षी बाहेर येतो का? दोन मिनिटं लावलं तर काय बिघडतं?

उत्तर : तुम्ही पुण्याचे, म्हणून हे तुम्हाला जरा सविस्तर सांगते. हा पक्षी जगासमोर आणला तो तुमच्याच गावात काम करणाऱ्या माणसानं. रमणा अत्रेय हे पेशानं खगोलशास्त्रज्ञ. १९९५ मध्ये त्यांना ईगलनेस्टमध्ये एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. तो पुन्हा सापडायला दहा वर्षं गेली. २००६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा माहीत असलेले पक्षी होते अवघे १४. नवी जात नोंदवायची तर एखादा नमुना मारून संग्रहालयात ठेवायचा, असा रिवाज. अत्रेयांनी तसं केलं नाही. इतक्या थोड्यांतला एक मारणं त्यांना पटेना. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मोजमापं घेतली, फोटो काढले, जाळ्यात गळलेली पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला. नावही स्वतःचं दिलं नाही, तिथल्या बुगुन लोकांचं दिलं. पुढे २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या मालकीचं १७ चौरस किलोमीटर जंगल राखीव केलं, तेही मुख्यतः याच पक्ष्यासाठी.

आता दोन मिनिटांचं बघू. एप्रिल-मेमध्ये नर गातो ते हद्द सांगायला. तुम्ही स्पीकर लावला की त्याला वाटतं, शेजारचा घुसला. तो चारा सोडून, घरट्यापासून उठून भांडायला येतो, आणि समोर तर कुणीच नसतं. तुमची दोन मिनिटं संपतात. उद्या त्याच वळणावर दुसरा गट येतो, परवा तिसरा. रस्ता एक, हंगाम पाच-सहा आठवड्यांचा, पक्षी मोजके. प्रत्येकाची दोनच मिनिटं, पण त्या नराचा सगळा हंगाम खोट्या भांडणात जातो.

आवाज न लावता दिसतो का? दिसतो. मला दुसऱ्या खेपेला दिसला, लामा कॅम्पच्या वरच्या वळणावर. आमच्याबरोबरचा बुगुन मुलगा नुसता एक बोट वर करून उभा राहिला. आम्ही नऊ जण पाऊण तास गप्प. नऊ मराठी माणसं पाऊण तास गप्प, हीच एक दुर्मीळ नोंद! मग खालच्या झुडपातून बासरीसारखी उतरती शीळ आली आणि बुलबुलाएवढा एक पक्षी फांदीवर आला : काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका, पंखावर लाल-पिवळी कड. आपल्या अंगणातल्या सातभाईंच्याच कुळातला, पण त्यांच्यासारखा कलकलाट नाही. सहा-सात सेकंद असेल. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा कॅमेरा पिशवीतच राहिला. रात्री जेवताना ते म्हणाले, ‘मला तो सगळ्यांत नीट दिसला.’ त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. स्पीकर मात्र घरी ठेवा.

प्रश्न : मागे हिमालयातल्या एका सहलीत मोठ्या कॅमेरेवाल्यांनी कायम पुढे जागा धरली, आम्हा दुर्बीणवाल्यांना पाठीच दिसल्या. गाइडही त्यांच्याच मागे. सगळीकडे असंच असतं का? (ठाण्याच्या वाचक)

उत्तर : पुष्कळ ठिकाणी असतं, खोटं कशाला बोलू. माझ्या पहिल्या खेपेला वॉर्ड्स ट्रोगन, म्हणजे आपल्याकडच्या कर्णा पक्ष्याचा गुलाबी पोटाचा चुलतभाऊ, मला दोन खांद्यांच्या फटीतून शेपटापुरता दिसला. रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या गटात नियम होता : पहिल्या मिनिटाला कॅमेरा खाली, सगळ्यांनी आधी डोळ्यांनी बघायचं, मग कॅमेरे. रोज पुढची जागाही बदलायची. बुकिंग करतानाच असा नियम आहे का, ते विचारा. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर गाइड दोन हवेत, हेही.

प्रश्न : जळवांवर उपाय काय? आणि रात्री झोप लागते का? (सोलापूर)

उत्तर : लांब, घट्ट विणीचे जळूमोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढायचे. वरून तंबाखूची पूड चोळली की बहुतेक जळवा मागे फिरतात. चिकटलीच तर नखानं बाजूला सरकवा, ओढू नका. जळवांपेक्षा डिमडॅम नावाच्या बारीक माश्या वाईट. चावल्याचं तेव्हा कळत नाही, आठवडाभर खाजतं. लांब बाह्या ठेवाच.

झोपेचं म्हणाल तर आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो ना, त्याचा थोरला भाऊ तिथे बोम्पूच्या दरीत रात्री दोन वाजतासुद्धा वरच्या पट्टीत ओरडत असतो. पहिल्या रात्री मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौथ्या रात्री तो गप्प होता, तर मी जागी.