तेच तेच ऐकलं की खरं का वाटायला लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे की पुढारी आणि चॅनलवाले तेच तेच बोलतात, आपल्याला त्याचा वीट येतो, तरी त्याचा परिणाम का होतो? मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा रेकॉर्डिंगचा छोटा धंदा आहे. निवडणूक लागली की प्रचाराच्या रिक्षांवर वाजणाऱ्या क्लिप आम्ही बनवतो, म्हणजे तेच तेच बोलण्यावरच माझं पोट आहे.

रिक्षा गल्लीतून जाते तेव्हा एका घराला भोंगा नीट ऐकू येतो तो फार तर पंचवीस-तीस सेकंद. दारात भांडी घासणाऱ्या बाईच्या कानात तेवढ्यात नाव आणि चिन्ह पडलं पाहिजे. म्हणून 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' झालं की दर दहा-बारा सेकंदांनी पुन्हा नाव, पुन्हा चिन्ह. 2017 च्या महापालिकेला बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे होते, त्यामुळे तेवढ्या वेळात चार नावं बसवताना नाकी नऊ आले. त्यात पूर्व भागासाठी तेलुगू वेगळं, कुठे कन्नड वेगळं. एक उमेदवार रुसले, "यात माझी कामं कुठायत?" म्हटलं, साहेब, कामं सभेत सांगा, रिक्षावर नावच चालतं.

कारण मत द्यायला गेल्यावर ते नाव ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते बरं वाटतं. यात फसवणूक फारशी नाही. खरी भानगड नावाच्या जागी एखादा दावा आला की सुरू होते.

अमेरिकेत 1977 मध्ये एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा 60-60 विधानं दिली आणि कितपत खरी वाटतात ते विचारलं. त्यातली काही विधानं दर वेळी तीच होती. ती दर खेपेला जास्त खरी वाटत गेली, त्यातली खोटीसुद्धा. मला जास्त हादरवलं ते 2015 च्या एका अभ्यासाने. स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या घागऱ्याला साडी म्हणतात, अशी वाक्यं लोकांना दाखवली. ज्यांना खरं उत्तर माहीत होतं त्यांनाही दुसऱ्यांदा वाचल्यावर असली वाक्यं थोडी जास्त खरी वाटली. आपल्याकडे कुणी असं म्हटलं तर आजी लाटणं घेऊन मागे लागेल, पण असो.

आपण ऐकलेल्या वेळा मोजतो आणि त्यालाच साक्षीदार समजतो, असं मला वाटतं. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता. आमच्या घरी तो चार ग्रुपवरून आला. सासूबाई म्हणाल्या, "चौघांनी पाठवलंय, खोटं कसं असंल?" शब्द न् शब्द एकच होता, म्हणजे लिहिणारा एकच. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. चॅनलवर मात्र एकाच गाडीची एकच क्लिप लाल गोल काढून दिवसभर फिरते, आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला वाटतं की शंभर गाड्या फुटल्या.

मागे एका निवडणुकीत एका उमेदवाराचा कार्यकर्ता कागद घेऊन आला. समोरच्याने पाण्याच्या टाक्यांचे पैसे खाल्ले, असं त्यात पाच वेळा लिहिलेलं. पुरावा काय विचारलं तर हसला, "पुरावा कोण इचारतंय ओ, तुम्ही बोला की." मी नको म्हटलं. त्याने दुसरीकडून करून घेतलं आणि ती रिक्षा आमच्याच रस्त्याने दिवसातून सहा-सात वेळा जायला लागली.

चौथ्या दिवशी टपरीवर चहा पिताना कुणीतरी त्या समोरच्या उमेदवाराचं नाव काढलं. "तो ना, टाक्यांचे पैसे खाल्लेला," असं माझ्याच तोंडून निघून गेलं.