यादीतलं नाव

चि. पोरी,

रात्री सव्वाबाराला तुझा मेसेज आला. ‘काका, आपल्या नाट्यसंघाच्या मेमधल्या घरच्या कार्यक्रमाला १७ आयटम आलेत, कोणाला काढू?’ खाली यादीचा फोटो आणि चार नावांपुढे पेन्सिलीची प्रश्नचिन्हं. सेट ठोकणारा, कपड्यांच्या ट्रंका सांभाळणारी, हिशेब लिहिणारा आणि तीन वर्षं प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून विसरलेले संवाद पुरवायला, बसणारी ती बाई. प्रश्नचिन्हं नेमकी यांच्याचपुढे कशी गं आली?

तुझी अडचण मला कळते. कमिटीला बक्षीस मिळालेली एकांकिका अख्खी हवी आहे, पाहुणा मालिकेतला हवा आहे, आणि ‘लोकांसमोर कच्चं काही जायला नको’ असंही तुला बजावलेलं आहे. पण कच्चं जायला नको म्हणून तर राज्य नाट्य स्पर्धा आहे. १९५४ पासून हौशी संघ तिथे जीव काढतायत. तिथे भूमिका ज्याला पेलते त्यालाच मिळते, आणि ते रास्त आहे. मी स्वतः तीस वर्षं तसंच केलं. मे महिन्यातली ही एक संध्याकाळ उरलेल्यांची. तीही चांगलं करणाऱ्यांनाच दिलीस, तर उरलेल्यांनी खुर्च्या कशासाठी उचलायच्या?

तेव्हा एकच ऐक. यादी लागली की नाव कापायचं नाही. आयटम कमी कर, लांबी कमी कर, माणूस कापू नकोस.

आता हिशेब मांडू. मेच्या मध्यात आपल्याकडे सातच्या सुमाराला सूर्य मावळतो. सव्वासातला सुरू केलंस की दहापर्यंत १६५ मिनिटं मिळतात. उघड्यावर दहानंतर स्पीकर बंद, त्यात तडजोड नाही. गाणाऱ्या तिघांना एकत्र बसव, नकला करणाऱ्या तिघांचा एक प्रवेश कर. १७ चे १३ झाले आणि माणूस एकही गेला नाही. आठ मिनिटांचे १३ म्हणजे १०४. प्रत्येकामागे दोन मिनिटं ये-जा, म्हणजे २६. मध्यंतराला २०. उरली १५. त्यातली दहा वीज जाण्यासाठी आणि वळवाच्या चार थेंबांसाठी राखून ठेव. पाहुण्याला पाच. एकांकिकेचा एक प्रवेश, तोही आठ मिनिटांतच. बक्षीस मिळालंय म्हणून घड्याळ थांबत नाही.

पाहुण्याला पाचच मिनिटं, हे ऐकून संघाचे अध्यक्ष रागावतील. आपल्या गावात १८४३ शिवाय कुणाचं भाषण सुरूच होत नाही. ५ नोव्हेंबर, विष्णुदास भावे, मराठीतलं पहिलं नाटक, राजेसाहेबांचा आश्रय... सांगलीतल्या पोराला हे मुंज व्हायच्या आधी पाठ असतं. भाव्यांचं नाव घ्यायचंच असेल तर त्यांच्या खेळातला सूत्रधार घ्या म्हणावं. पात्रांना पाठ केलेले संवाद नसायचे. सूत्रधार पदं म्हणायचा आणि त्याला धरून पात्रं आयत्या वेळी बोलायची. कोण अडकलं, कोण विसरलं, सगळा भार त्याच्यावर. तुझा निवेदक तसा हवा. गोड आवाजाची मुलगी शोधू नकोस. कुणाची दाढी चिकटेना तर चार मिनिटं लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवेल असा माणूस शोध.

तालमी तीन. घरचाच कार्यक्रम आहे म्हणून तालीम नको, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. कात्री चालवायची ती तालमीत, सगळ्यांसमोर, घड्याळ लावून. नऊ मिनिटं झाली तर ‘शेवटचं कडवं गेलं’ असं तोंडावर सांग. माणूस तालमीत रुसतो आणि चहाला परत येतो. विंगेत, रंगून तयार असताना ‘तुमचं राहिलं’ म्हटलेला माणूस परत येत नाही.

प्रॉम्प्टिंगवालीला नाट्यछटा दे. दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेला हा प्रकार अजून आटोपशीर आहे: एकटं माणूस बोलतं, समोरचा दिसत नाही, ऐकूही येत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं आटपतं. न ऐकू येणारं ऐकायची तिला सवयच आहे. हिशेबवाला दर वर्षी मध्येच विसरतो, हे मलाही ठाऊक आहे. त्याच्या हातात वही दे आणि पत्राचं वाचन करायला लाव. विसरण्याचा प्रश्नच मिटला.

बाकीचं झटपट सांगतो. रंगमंचाची पाठ पश्चिमेच्या भिंतीला ठेव. संध्याकाळचा वारा तिकडून येतो आणि आवाज लोकांकडे नेतो. पंखे माइकपासून लांब ठेव. दिवे नटांच्या डोक्यावर नकोत, बाजूला उंच बांध. पहिला वळीव झाल्यावर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर येते आणि गाणाऱ्याच्या तोंडात जाते. हसू नकोस, माझ्या गेली आहे. वायरी जमिनीवरून नेऊ नकोस. पन्हं आल्या आल्या, भडंग मात्र मध्यंतरातच. ऐन नाट्यछटेत शंभर माणसं भडंग खायला लागली की काय होतं ते मी सहन केलंय.

आता तू विचारशील, काका या एकाच गोष्टीवर इतके का अडून बसलेत. सांगायचं नव्हतं, पण ती प्रश्नचिन्हं पाहिली.

२००४ चा मे. आपला प्रकाशयोजनावाला, दिवसा मोटारी रिवाइंड करायचा, अकरा वर्षं डिमरमागे बसलेला. त्या वर्षी पहिल्यांदा म्हणाला, ‘मला एक नाट्यछटा करू द्या.’ तीन आठवडे पाठ करत होता. दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणून दाखवायचा. त्या संध्याकाळी त्याची आई पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या नऊवारीत. पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले आणि पंचवीस मिनिटं बोलले. वीस मिनिटं उरली तेव्हा मी यादी काढली आणि त्याचं नाव खोडलं. त्याला सांगितलं, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि पावडर पुसून डिमरवर जाऊन बसला. पुढच्या आयटमला दिवेही त्यानंच दिले, एक क्यू चुकला नाही. केबल गुंडाळून गेला तो गेला.

परवानगीच्या अर्जावर सही माझी होती. दहा वाजता पोलीस आले असते तर जबाब मी दिला असता. कुणीतरी कापायला हवंच होतं, आणि तो घरचा माणूस, समजून घेईल असं वाटलं. आजही मला वाटतं की त्या वीस मिनिटांत दुसरा मार्ग नव्हता. पाहुण्यांच्या हातातून माइक कोण काढून घेणार होतं? तुम्ही आजकालची मुलं बेधडक काढून घ्याल, आमच्यात ते बसत नव्हतं.

आणि हेही सांगून टाकतो. यादीत त्याच्यानंतर एकच आयटम होता, तो माझा होता. समूहाचा होता, दहा जणांचे कपडे चढलेले होते, शेवट दणक्यात व्हायला हवा होता. हे सगळं खरं आहे. अठरा मिनिटं चालला, टाळ्याही पडल्या. त्यातली तीन मिनिटं मला देता आली असती.

त्याचं दुकान अजून आहे. पंखा बिघडला की मी दुसरीकडे नेतो.

तेव्हा ‘कोणाला काढू’ हे पुन्हा विचारू नकोस, मला राग येतो. पाहुणा उशिरा आला तर त्याच्याशिवाय सुरू कर, आल्यावर खुर्ची दे. अध्यक्ष ओरडले तर माझं नाव सांग, या वयात मला कोण काय करणार आहे! शनिवारी यादी फळ्यावर लाव, पेननं लिही आणि खाली तुझी सही कर. चौघांना तू स्वतः फोन कर, ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस.

माझं नाव घालू नकोस. प्रॉम्प्टिंगवाली त्या दिवशी रंगमंचावर असेल, तेव्हा तिच्या जागी मी बसतो. विंगेत एक पाठ असलेली खुर्ची ठेव, स्टूल नको. आणि संहिता मोठ्या अक्षरांत काढून आण, त्या उजेडात मला बारीक दिसत नाही.

तुझा
काका