न्यूट्रल मिल्क हॉटेल : नव्याने ऐकणाऱ्याला

"न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन बँडचं एवढं कौतुक कशाला?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. मलाही पहिल्यांदा त्यांचा गायक जेफ मँगम याचा आवाज ऐकून शेजारच्या वाड्यात कुणीतरी तारस्वरात भांडतंय असंच वाटलं होतं.

आधी १९९८चा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा अल्बम सलग ऐक. चाळीसेक मिनिटांचा मामला. पुण्यात संध्याकाळी कोथरूडहून स्टेशनला जायला बसला त्याहून जास्त लागतात. काही गाणी एकात एक मिसळतात, त्यामुळे शफल लावलंस की सगळं विसकटतं. नव्या मंडळींची ही हमखास चूक.

दुसरं, मोबाइलच्या स्पीकरवर नको. साधे इअरफोन चालतील. गिटार खरखरते तो बिघाड नव्हे, मुद्दाम तसं ठेवलंय. आणि मागे बाईच्या गळ्यासारखा थरथरता सूर येतो ना, ती चक्क करवत आहे, वाकवून गजाने वाजवलेली! हे कळलं त्या दिवशी मी झेड ब्रिजवर बसून एकच गाणं तीनदा ऐकलं.

शब्दांचे अर्थ लगेच धुंडाळू नकोस. त्यामागे अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची डायरी आहे, सध्या एवढं पुरे. १९९६चा पहिला अल्बम नंतर.

लौकिक खरा का? गाण्यांपुरता खरा. मँगम पुढे बरीच वर्षं गप्प राहिला, त्यावरून वाढलेली दंतकथा मात्र निम्मी चाहत्यांची करामत. तीनदा ऐकूनही नाही रुचलं, तर सोडून दे. कुणी वाळीत टाकत नाही.