खाऱ्या हवेतल्या इंजिनाला हेडचे स्टड कोणते?

प्रश्न : आमच्या घरी १९८१ सालची पोर्शे ९११ एससी आहे. इंजिन तेल फार पिऊ लागले म्हणून या उन्हाळ्यात ते उतरवून खोलले. सिलेंडर काढल्यावर हेड (सिलेंडरवरचे झाकण) आवळून धरणाऱ्या चोवीस स्टडपैकी (दोन्ही टोकांना आटे असलेल्या लांब दांड्यांपैकी) खालच्या ओळीतल्या बहुतेकांवर गंजाचे खळगे दिसले. वरच्या ओळीतले बारा मात्र स्वच्छ आहेत. मिस्त्री म्हणतात, कोल्हापूरहून ई.एन. २४ या कणखर मिश्र पोलादाचे स्टड लेथवर कातून आणू. बंदरावर काम करणारे एक स्नेही सांगतात, की समुद्राकाठी स्टेनलेसच घ्यावे. परदेशी विक्रेत्यांकडे तर मूळचे डिलाव्हार या मिश्रधातूचे, साधे पोलादी आणि शर्यतीच्या इंजिनांचे असे तीन प्रकार दिसतात. यांतले कोणते घ्यावेत?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खालच्या ओळीतले बाराही स्टड बदलावेत आणि त्यांच्या जागी मूळ मापाचे, आटे रोल केलेले (न कातता दाबून पाडलेले) साधे पोलादी स्टड बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खळगे नसलेले दोन-चार जुने ठेवण्याचा मोह टाळावा, कारण गंजाची सुरुवात डोळ्यांना दिसण्याआधीच झालेली असते आणि पुन्हा इंजिन उतरवण्याचा खर्च स्टडच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

या निवडीमागचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांत स्टडचा थोडाच भाग उघडा असतो. या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मात्र तो क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) रुतून निघतो, सिलेंडरच्या पंखांलगत उघड्या हवेतून जातो आणि शेवटी हेड आवळून धरतो. तापमान एका अंशाने वाढले की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढते, पोलाद साधारण १२ भाग. दोन्ही १०० अंशांनी तापले असे धरले, तर दर १०० मिलिमीटर लांबीमागे ॲल्युमिनियम ०.२३ मिलिमीटर वाढेल आणि पोलाद ०.१२, म्हणजे उरलेले ०.११ मिलिमीटर स्टडला ओढून घ्यावे लागते. ॲल्युमिनियम मुळीच दबले नाही असे मानल्यास एवढ्या ओढीने पोलादात दर चौरस मिलिमीटरला २२० न्यूटनांच्या आसपास जादा ताण येतो. ॲल्युमिनियम थोडे दबते म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी भरतो, पण स्टड थंड हवेच्या झोतात असल्याने सिलेंडरइतका तापत नाही आणि फरक पुन्हा वाढतो. आपण आंबोलीचा घाट चढता तेव्हा ही ओढ सर्वांत जास्त असते.

१९६८ ते १९७७ या काळातल्या बहुतेक ९११ गाड्यांची क्रँककेस मॅग्नेशियमची होती. त्यांतल्या २.७ लिटरच्या इंजिनांत पोलादी स्टड याच ओढीने मऊ मॅग्नेशियममधले आटे उपटून बाहेर येत. त्यावरचा उपाय म्हणून डिलाव्हार हा मिश्रधातू आला. तो ॲल्युमिनियमच्या जवळपास वाढतो, त्यामुळे गरम इंजिनात ताण फारसा चढत नाही. कल्पना उत्तम होती. मात्र गंजाच्या खळग्यातून या धातूला तडा जातो आणि स्टड अचानक तुटतो, हे पुढे जगभरच्या जुन्या इंजिनांत दिसून आले. नंतरच्या स्टडांवर संरक्षक लेप देण्यात आला, तरी लेप खरवडला गेला की प्रश्न तिथेच येतो. आपल्या एससीत खालची ओळ डिलाव्हारची आणि वरची पोलादी असणार. खात्री करायची तर लोहचुंबक लावून पाहावे : पोलादाला तो चिकटतो, डिलाव्हारला चिकटत नाही. खालची ओळ एक्झॉस्टच्या बाजूला आहे, रस्त्यावरचे पाणीही तिथेच उडते, आणि जून ते सप्टेंबर दमट खारा वारा बंद गॅरेजमध्येही शिरतो. म्हणून वेंगुर्ल्याच्या गाडीला डिलाव्हार पुन्हा घालू नये. एससीची क्रँककेस ॲल्युमिनियमची असल्याने तिचे आटे पोलादी स्टडची ओढ सहन करतात, शिवाय वरची आणि खालची ओळ एकसारखी वाढेल.

शर्यतीचे स्टड वाईट नसतात, पण त्यांच्या जाहिरातीतला ताकदीचा आकडा आपल्या कामाचा नाही. सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. त्याच जाडीचा अधिक कणखर स्टड घेतला म्हणून हेड अधिक घट्ट बसत नाही. जास्त आवळला तरच फायदा, आणि तसे आवळल्यास आधी ॲल्युमिनियममधले आटे जातील. जाड दांड्याचा स्टड तर टाळावाच, कारण बारीक दांडा स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि तेच इथे हवे आहे.

आपल्या स्नेह्यांचा सल्ला बोटीच्या कठड्यासाठी योग्य आहे. ३०४ जातीचे स्टेनलेस १७ भाग वाढते, ही जमेची बाजू खरी. पण मीठ, उष्णता आणि कायमचा ताण एकत्र आले की त्यालाही तडे जातात, आणि बाजारात मिळणाऱ्या ए२-७० दर्जाच्या स्टेनलेस स्टडची ताकदही इथे अपुरी पडते. ई.एन. २४ हे पोलाद म्हणून चांगलेच आहे आणि कोल्हापूरच्या कारागिरांचा हात मी मानतो. अडचण कातलेल्या आट्यांची आहे : कातताना धातूचे तंतू तुटतात, रोल करताना ते आट्याच्या वळणाने दबून राहतात, आणि वारंवार ताण-सैल होणाऱ्या स्टडचे आयुष्य त्यावरच ठरते. गंज टाळण्यासाठी अशा कठीण पोलादावर जस्ताचा विजेचा मुलामा देऊन घेऊ नये. मुलाम्याच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते.

जुने स्टड काढण्यापूर्वी प्रत्येकाची क्रँककेसबाहेरची उंची मोजून लिहून ठेवावी. ते लॉकटाइटने (आटे पक्के धरणाऱ्या चिकटद्रव्याने) बसवलेले असल्यास थेट पाना लावू नये. स्टडच्या मुळाशी क्रँककेस सावकाश तापवावी, कारण कडक लॉकटाइट २५० अंशांच्या पुढे मऊ पडते, आणि मग एक्स्ट्रॅक्टरने एकसारख्या जोराने फिरवावे. आटे साफ करताना नवा धातू कापणारा टॅप नको, फक्त घाण काढणारा हवा. वरच्या ओळीतले स्टड सरळ असतील आणि नखाला खळगा लागत नसेल तर ते राहू द्यावेत. नव्या स्टडच्या उघड्या दांड्यावर बांधणीपूर्वी गंजरोधक लेपाचा पातळ थर द्यावा, पण आट्यांवर तो येऊ देऊ नये. नटाच्या आट्यांना आणि नटाखाली वॉशरला नेमके तेच वंगण लावावे जे स्टड देणाऱ्याने टॉर्कच्या (आवळण्याच्या पिळाच्या) आकड्यासोबत सांगितले आहे, कारण वंगण बदलले की त्याच टॉर्कला आवळ वेगळा येतो.

गाडी चालू झाल्यावर पहिल्यांदा व्हॉल्व्हची फट जुळवाल तेव्हा व्हॉल्व्हवरची खालची झाकणे उघडून आत सुटा पडलेला किंवा सैल झालेला हेडचा नट आहे का ते पाहावे. तुटलेला स्टड बहुधा तिथेच प्रथम कळतो.