खातं काढून पुन्हा घालण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: सासऱ्यांचं सांगलीत कर सल्लागाराचं ऑफिस आहे. तिथल्या जुन्या डेस्कटॉपवर थंडरबर्ड, तुमच्या लॅपटॉपवर आउटलुक (दोन्ही मेल वाचायचे प्रोग्रॅम) आणि सासऱ्यांच्या मोबाइलवर जीमेलचं ॲप. तिन्हीकडे जीमेलचं खातं एकच. दिवाळीनंतर खात्याचा पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून थंडरबर्ड सारखा पासवर्ड मागतंय, बरोबर घातला तरी घेत नाही. ब्राउझरमध्ये दिसणारे काही मेल आउटलुकमध्ये येत नाहीत. आणि काही जुने मेल फक्त डेस्कटॉपवरच आहेत, बाकी कुठेच नाहीत. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, खातं काढून नव्याने घालतो, पंधरा मिनिटांचं काम. तर करू द्यावं का?

आज तरी करू देऊ नका. पासवर्डची कटकट सुटण्यासारखी आहे, आउटलुकचंही निघेल. मला काळजी वाटतेय ती ‘काही जुने मेल फक्त डेस्कटॉपवरच आहेत’ या वाक्याची.

माझ्या मामांची इचलकरंजीत कापडाची एजन्सी होती. त्यांच्याकडे अगदी हेच झालं. मेल यायचे थांबले, एकाने येऊन खातं काढलं. काढताना थंडरबर्ड एक छोटी चौकट दाखवतं, तिच्यात ‘रिमूव्ह मेसेज डेटा’ असा पर्याय असतो. त्याने त्यावर टिक केली, कारण ‘सगळं स्वच्छ’ करायचं होतं. नवं खातं पाच मिनिटांत सुरू झालं, नवे मेल येऊ लागले. संध्याकाळी मामांनी एका जुन्या व्यापाऱ्याशी झालेला भावाचा पत्रव्यवहार उघडायला घेतला, तर मागचं काहीच नव्हतं. सर्व्हरवरही, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या मशीनवरही, नव्हतं. कित्येक वर्षांचे मेल त्या एका टिकेने गेले. मामा कोणावर ओरडले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. तेव्हापासून कुणीही ‘मेल येत नाही’ म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो: मेल राहतात कुठे?

ते कळायला थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडे खात्याखाली ‘सर्व्हर सेटिंग्ज’वर क्लिक करा. सगळ्यात वर ‘सर्व्हर टाइप’ लिहिलेलं असेल. तिथे पॉप आहे की आयमॅप, तेवढं बघा. आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, तिथल्या यादीत खात्यासमोर प्रकार दिसतो.

सासऱ्यांना समजावायचं असेल तर असं सांगा. आयमॅप म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. मूळ नोंद सरकारदरबारी, तुमच्या हातात तिची नक्कल. नक्कल हरवली तर दुसरी काढता येते. (फरक एवढाच, की इथे नकलेवर खाडाखोड केली तर मूळ नोंदही बदलते. डेस्कटॉपवर मेल डिलीट केला की मोबाइलवरूनही जातो.) पॉप म्हणजे पोस्टातून पत्रं आणून घरच्या ट्रंकेत ठेवणं. पोस्टात प्रत ठेवायला सांगितलं असेल तर ठीक, नाहीतर ट्रंक हीच एकमेव जागा. डेस्कटॉपवरचे जुने मेल दुसरीकडे दिसत नाहीत, यावरून तिथे पॉप असण्याची शक्यता दाट आहे. पण खातं आयमॅप निघालं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतं. त्यात ओढून ठेवलेलं काहीही सर्व्हरवर नसतं, ते त्याच मशीनवर राहतं.

म्हणून आधी नक्कल काढा. थंडरबर्डमध्ये हेल्प, मग ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’, तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ असं बटण आहे. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आत ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ असे दोन फोल्डर दिसतील. पॉपचे आणि लोकल फोल्डर्समधले मेल ‘मेल’मध्ये असतात. त्यात ‘इनबॉक्स’ नावाच्या दोन फाइली दिसतील: एकीच्या नावापुढे एमएसएफ, दुसरीच्या नावापुढे काहीच नाही. ती बिनशेपटीची फाइल म्हणजे खरे मेल, कधीकधी दोन-तीन जीबीची. एमएसएफ ही नुसती अनुक्रमणिका, ती गेली तर पुन्हा बनते. कॉपी झाल्यावर बिनशेपटीच्या फाइलीचा आकार दोन्हीकडे सारखाच आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मगच पुढे जाऊ.

आता पासवर्ड. माझा अंदाज असा आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला आत येऊ देणं बंद केलं. त्यानंतर दोनच वाटा उरल्या: एक ओऑथ२, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करून परवानगी देणं, आणि दुसरी १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रॅमसाठी गूगलने बनवून दिलेला वेगळा पासवर्ड. तुमच्याकडे कुणीतरी तेव्हा ॲप पासवर्ड घालून दिला असणार, आणि तो निमूट चालत राहिला. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे दिवाळीनंतर जुना ॲप पासवर्ड मेला, आणि तुम्ही त्याच्या जागी नवा मुख्य पासवर्ड घालताय. तो कितीही बरोबर असला तरी तिथे चालणारच नाही.

खात्री करायची असेल तर समोर येणारी खिडकी नीट बघा. थंडरबर्डची लहानशी चौकट, त्यात एकच रकाना आणि सर्व्हरचं नाव, असं असेल तर तिथे साध्या पासवर्डची पद्धत लावलेली आहे. गूगलचं लॉगिनचं पान उघडत असेल तर ओऑथ२ आहे, आणि तिथे नवा पासवर्ड घालून परवानगी दिली की काम संपतं. ते पान कोरंच राहिलं तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज स्वीकारायला परवानगी आहे का ते तपासा. पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं.

लहान चौकट असेल तर सर्व्हर सेटिंग्जमध्येच ‘ऑथेंटिकेशन मेथड’ ओऑथ२ करा. मग अकाउंट सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे, तिथेही हेच करा. हे दुसरं हमखास राहून जातं, आणि मग मेल येतात पण जात नाहीत. शेवटी सेटिंग्जमधल्या ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून जीमेलच्या जुन्या नोंदी काढून प्रोग्रॅम बंद करून उघडा. लॅपटॉपवर आउटलुक २०१३ किंवा त्याहून जुनं असेल तर त्याला ओऑथ२ जमत नाही, तिथे नवा ॲप पासवर्डच लागेल. त्यासाठी खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणं) चालू असावं लागतं. तो १६ अक्षरांचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. तो ज्याच्या हाती लागेल त्याला दुसरा कोड न घालता तुमचे मेल वाचता येतात, आणि करसल्ल्याच्या ऑफिसात लोकांचे पॅन, बँक खाती सगळंच मेलमध्ये असतं.

डेस्कटॉप जुना आहे म्हणून एक गोष्ट जाता जाता. वीज गेली आणि आली की स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र अवैध आहे अशी तक्रार येते. सेल बदलला की मिटतं.

आता मेल हरवण्याबद्दल, कारण तुमच्या ऑफिसात खरा धोका इथे आहे. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ हे पान काढा. पॉपच्या भागात एक ओळ असते: पॉपने मेल नेल्यावर जीमेलमधल्या प्रतीचं काय करायचं. चार पर्याय असतात: इनबॉक्समध्ये ठेवा, वाचलेला म्हणून खूण करा, अर्काइव्ह करा, डिलीट करा. तुमच्याकडे चौथा निवडलेला असेल तर ‘फक्त डेस्कटॉपवरच’ या कोड्याचा उलगडा होतो. सकाळी डेस्कटॉप चालू झाला की तो मेल ओढून नेतो, जीमेल आपली प्रत कचऱ्यात टाकतं, आणि ३० दिवसांनी ती कायमची जाते. मग तो मेल ना लॅपटॉपवर, ना मोबाइलवर. हा पर्याय आत्ता, हे वाचता वाचता बदला आणि पहिला निवडा. मग कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊन गेल्या ३० दिवसांतलं जे वाचवता येईल ते इनबॉक्समध्ये परत आणा.

पॉपचा आणखी एक दोष फार कमी लोकांना माहीत असतो: स्पॅममध्ये पडलेले मेल जीमेल पॉपने देतच नाही. एखादी नोटीस चुकून स्पॅममध्ये गेली आणि सासरे फक्त थंडरबर्डच बघत असतील, तर त्यांना ती कधीच दिसणार नाही. मुदतीच्या कामात हे परवडणारं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ऑफिसात एकाहून जास्त यंत्रांवर एकच खातं असेल तर पॉप ठेवू नये.

बदल मात्र खातं काढून करायचा नाही. पॉपचं खातं आहे तसं राहू द्या, त्याच्या शेजारी तोच पत्ता आयमॅपने जोडा: आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. दोन्ही खाती डावीकडे दिसू लागली की पॉपमधले जुने मेल वर्षावर्षाने आयमॅपच्या नव्या फोल्डरांत कॉपी करा. कॉपी म्हणतोय, मूव्ह नव्हे. आयमॅपने चढवायला गूगलची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे, म्हणून घाई करू नका. रोज एकदोन वर्षांचं सरकवा, ब्राउझरमध्ये त्या फोल्डरातले मेल मोजा, आकडा जुळला की पुढचं वर्ष घ्या. त्याआधी जागा बघा. फुकटच्या खात्याला १५ जीबी मिळतात, आणि त्यात ड्राइव्ह आणि फोटोही येतात. मोबाइलचे फोटो चढत असतील तर जागा तिथेच संपते, आणि खातं भरलं की नवे मेल आत येतच नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात.

आउटलुकमध्ये न दिसणाऱ्या मेलचं निदान सोपं आहे. न दिसणारा एक मेल घ्या, ब्राउझरमध्ये उघडा आणि त्यावर कोणतं लेबल आहे ते बघा. फिल्टर लावून ‘जीएसटी’ लेबलखाली गेलेला मेल आउटलुकच्या इनबॉक्समध्ये नसतो, ‘जीएसटी’ फोल्डरमध्ये असतो. तो फोल्डरच दिसत नसेल तर जीमेलच्या लेबल सेटिंगमध्ये त्याच्यासमोर ‘शो इन आयमॅप’वर टिक नसेल. तीही असेल, तर मघाच्याच पानावर आयमॅप फोल्डरात जास्तीत जास्त किती मेल द्यायचे ही मर्यादा बघा. कुणी १००० ठेवली असेल तर त्याहून जुने मेल येणारच नाहीत. आणि एखादा मेल हरवलेला नसतोच, फक्त ब्राउझर अख्खं संभाषण शेवटच्या उत्तराच्या तारखेला दाखवतो, आणि आउटलुकमध्ये मूळ मेल आपल्या तारखेला, खूप खाली असतो. नावाने शोधून बघा.

खातं पुन्हा घालायला माझा विरोध आहे, त्यामागे अजून एक हिशेब आहे. आयमॅपने उतरवायची मर्यादा दिवसाला २५०० एमबी आहे. खात्यात १२ जीबी मेल असतील तर नव्याने घातलेलं खातं पूर्ण उतरायला जवळजवळ पाच दिवस लागतात, आणि मर्यादा ओलांडली तर खातं काही काळ बंद होऊ शकतं. त्यात जीमेलचं ‘ऑल मेल’ फोल्डर प्रत्येक मेल दुसऱ्यांदा उतरवतं. थंडरबर्डच्या सिंक्रोनायझेशन सेटिंगमध्ये त्याची टिक काढून ठेवा. अर्काइव्ह केलेले मेल लागले तर ब्राउझर आहेच. एखादाच फोल्डर अर्धवट दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’ करा. त्याने अनुक्रमणिका नव्याने बनते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

आज संध्याकाळी ऑफिसात गेलात की दोन गोष्टी बघून कळवा: थंडरबर्डमध्ये ‘सर्व्हर टाइप’समोर काय लिहिलंय, आणि जीमेलच्या त्या चार पर्यायांपैकी कोणता निवडलेला होता. प्रोफाइल फोल्डर कॉपी होईपर्यंत त्या मुलाला डेस्कटॉपला हात लावू देऊ नका.