एल आकाराच्या हॉलमध्ये ५.१ चे मागचे स्पीकर कुठे लावायचे?

५.१ म्हणजे पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि खोल, जड आवाजासाठी एक सबवूफर. तुमचा हॉल एल आकाराचा आहे आणि उजवीकडे भिंत संपून जेवणाची जागा सुरू होते, म्हणून मागचा उजवा स्पीकर टांगायला भिंतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर हुबेहूब असंच. वर हॉलच्या मधोमध झोपाळा, आणि बाबा कायम त्यावर.

आधी भिंती विसरा आणि बसायची जागा पक्की करा. आमची सोफ्याची मधली सीट. तिथे सुतळीचं एक टोक चिकटवलं आणि लेकीच्या कंपासमधला कोनमापक घेतला. टीव्हीची दिशा शून्य धरली तर पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर, मागचे साधारण ११० वर. म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे, कानापेक्षा फूटभर उंच. बरेच जण ते मागच्या कोपऱ्यांत छताला टांगतात, तिथेच घोळ होतो.

डावा भिंतीवर लागला, कानापासून दीड मीटर. उजवा स्टँडवर, पण ११० अंशांवर तो नेमका स्वयंपाकघराच्या वाटेत यायचा. आईचा दोनदा धक्का लागल्यावर १२० वर सरकवला, चालतं. तो २.२ मीटरवर गेला. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मिलिसेकंदांचा फरक. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्यात, खरी अंतरं भरली की जवळच्या स्पीकरला तो तेवढं थांबवतो. मग टेस्ट टोन (रिसीव्हरचा चाचणीचा आवाज) लावून सगळ्या स्पीकरचा आवाज सारखा करा. फोनवरचं आवाज मोजायचं मीटर अचूक नसलं तरी तुलनेला पुरतं.

रिसीव्हरसोबत मोजमापाचा माइक असेल तर तो कानाच्या उंचीवर ट्रायपॉडला लावा, उशीवर ठेवू नका. आमचं मोजमाप दोनदा फसलं, कारण बाबांच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

सबवूफरला कोन नको, पण जागा शोधावी लागते, आणि एका बाजूने उघड्या खोलीत तर अंदाज चालतच नाही. तो उचलून चक्क सोफ्यावर ठेवा, ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे ठोका घुमत नाही, स्वच्छ ऐकू येतो, तिथे त्याला बसवा. मी रांगत असताना बाबांनी विचारलं, "काय हरवलंय रे?" आमची जागा चपलांच्या कपाटाशेजारी निघाली. कोपऱ्यात नुसता घुमत होता.

झोपाळ्यावरून मात्र सराउंड, म्हणजे चहूबाजूंचा आवाज, नीट ऐकू येत नाही. बाबांची तक्रार नाही.