लांगटांगच्या वाटेवर गावकऱ्यांशी ओळख कशी होते?

मार्चमध्ये नेपाळात लांगटांगचा ट्रेक करायचाय, डोंगर तर दिसतीलच, पण वाटेतल्या गावांतल्या माणसांशी बोलणं कसं जमेल, भाषा येत नाही आणि संकोच वाटतो, असं तुम्ही विचारलंय.

मी दोनदा गेलोय. पहिल्या खेपेला एकाही माणसाशी धड बोललो नाही, आणि त्यात भाषेचा काही दोष नव्हता. घाई माझी. स्याफ्रुबेसीहून निघून पहिला मुक्काम लामा हॉटेल नावाच्या वस्तीत, दुसऱ्या दिवशी लांगटांग गावात जेवलो आणि तसाच रेटून त्याच्या वरचं क्यांजिन गोंपा हे गाव गाठलं. एका दिवसात साधारण २,४०० मीटरवरून ३,८७० मीटरवर! रात्रभर डोकं ठणकत होतं, दुसरा दिवस पांघरुणात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज फार तर पाचशे मीटरने वाढवावी, हे मला पाठ होतं. पाळलं नाही, इतकंच.

दुसऱ्या वेळी लांगटांग गावातच थांबलो. क्यांजिन तिथून दोन-तीन तासांवर, त्यामुळे काही जण गावात फक्त डालभातापुरते टेकतात. तुम्ही मुक्काम करा. दुपारी दोनला पोचलात की संध्याकाळपर्यंत करायला काहीही नसतं, आणि ओळखी त्याच रिकाम्या वेळात होतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर आणखी बरं. ऑक्टोबरात लॉजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते.

लॉजमध्ये जेवणाच्या खोलीत ट्रेकर बसतात आणि स्वयंपाकघरात घरची माणसं. तुम्हाला स्वयंपाकघरात शिरायचंय. विचारून. दारात बूट काढले आणि "दिदी, भित्र आउन हुन्छ?" (ताई, आत येऊ का?) एवढं म्हटलं की सहसा चुलीजवळ जागा मिळते. मग लसूण सोला, बटाटे सोला, हाताला काम असलं की गप्प बसणंही अवघडत नाही. फक्त चुलीत कचरा, टिश्यू टाकू नका. तिथे चुलीचं पावित्र्य पाळतात.

भाषेचं म्हणाल तर लिपी आपलीच आहे, पाट्या वाचता येतात. 'कति' म्हणजे किती, 'भात' म्हणजे भातच. पण याच जवळिकीने माझी फजिती केली. दिदीने आमटी वाढली आणि विचारलं, "मीठो छ?" मला वाटलं, मीठ पुरेसं आहे का विचारतेय. मी बोटांनी चिमूट दाखवत म्हटलं, "थोरै", म्हणजे थोडंसं. दिदीचा चेहरा पडला. नेपाळीत मीठो म्हणजे चविष्ट, आणि मिठाला म्हणतात नुन! शेजारी बसलेल्या पोर्टरला माझा घोळ कळला, त्याने समजावून सांगितलं, आणि मग रात्रभर जो येईल त्याला तो किस्सा ऐकवला गेला. त्या घरात माझी ओळख झाली ती अशी. (घरात आपसात ते वेगळंच बोलतात. इथले लोक तिबेटी वळणाचे, खालच्या गावांत तामांग. त्यामुळे तोडकी नेपाळी बोलणारे तुम्ही एकटेच नसता, म्हाताऱ्या आमाही, म्हणजे घरातल्या आयाही, तशाच.)

एक गोष्ट मात्र आपणहून काढू नका. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दगडांचा लोंढा आला आणि जुनं लांगटांग गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. तुम्ही त्याच ढिगाऱ्यावरून चालत नव्या गावात पोचता. गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत, तिथे थांबा, पण "तुमचं कोण गेलं?" हा प्रश्न आपला नाही. माझ्यासमोर एका ट्रेकरने तो जेवताना विचारला. त्या घरच्या आमा उठून भांडी घासायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आमा मला बाहेर बोलावून हाताने दाखवत होत्या: इथे गोठा, तिथे बटाट्याचं शेत, पलीकडे माहेर. मी नुसता मान हलवत उभा होतो.

बाकी किरकोळ. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब मणी-भिंती लागतात, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. क्यांजिनला चीज घ्या, पण 'याकचं दूध' म्हटलंत तर हसतील, कारण याक म्हणजे नर. मादी ती नाक.

फोटो विचारून काढा आणि पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा. मी आमांच्या फोटोच्या तीन प्रिंट पुढच्या वर्षी निघालेल्या एका मित्राकडे दिल्या होत्या. त्याने परत येऊन सांगितलं, एक स्वयंपाकघरात लावलीय आणि "तो मीठवाला कसा आहे?" म्हणून विचारत होत्या.